पुढे काय झाले?

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात सर्वांच्या आधी जाग येते ती अक्काला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय ऐंशीच्या घरातले. मेहुणे गेल्यापासून दिवाळीचे चार दिवस ती आमच्याकडेच असते. चार वाजता ती उठते, चूळ भरते, आणि उटणे, तेल, पणत्या यांपैकी कशालाही हात लावण्याआधी फडताळातली एक लहानशी बाटली काढून तीतली एक पांढरी गोळी घोटभर पाण्याबरोबर घेते. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते. त्या क्षणापासून अर्धा तास तिला चहा वर्ज्य. इकडे आमची सौ. आले किसत असते, दूध वर यायच्या बेतात असते, नातवंडे डोळे चोळीत बाहेर येतात, एकेकाच्या हातात कप पडतो. अक्का मात्र पाटावर बसून एखाद्या तपस्विनीप्रमाणे घड्याळाच्या काट्यावर नजर लावून असते. अर्धा तास भरला की म्हणते, "हं, आणा आता. आणि साखर जरा बेताची घाला गं."

वाचकहो, अशी बाटली आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. आईची असेल, सुनेची असेल, कदाचित आपली स्वतःचीही असेल. 'थायरॉइडची गोळी' हा शब्द आता घरोघर असा रुळला आहे, की ती आली कोठून, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. दिवाळीच्या फराळात औषधाची बाटली आणून ठेवल्याबद्दल संपादक मला बोल लावतील, हे मी जाणून आहे. पण यंदा मी त्या गोळीचीच गोष्ट सांगणार आहे. तीत थोर माणसे आहेत, मेंढ्या आहेत, एक गेंडाही आहे, आणि माझी स्वतःची एक चूक आहे. चूक कबूल करायला चाळीस वर्षांहून अधिक काळ घेतला. आता आणखी लांबवण्यात अर्थ नाही.

गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या जरा खाली, फुलपाखराने पंख पसरून बसावे तशी एक ग्रंथी असते. डॉक्टर तिला थायरॉइड म्हणतात, आपली शास्त्राची पुस्तके अवटु ग्रंथी म्हणतात. वजन म्हणाल तर दीड-दोन तोळे. पण सबंध शरीराचा स्टोव्ह किती मोठा ठेवायचा, हे ती ठरवते. तिचा रस जास्त झाला की ज्योत भडकते. माणूस वाळतो, छाती धडधडते, हात कापतात. रस कमी पडला की ज्योत मंदावते. अंग जड होते, थंडी वाजते, बुद्धीवर धुके उतरते. हा रस तयार करायला तिला आयोडीन लागते, आणि ते आपल्या पोटात जाते अन्नपाण्यातून.

समुद्रात आयोडीन मुबलक असते. परंतु ज्या डोंगराळ मुलखातील जमिनीतून पावसाने आणि बर्फाने ते शतकानुशतके धुऊन नेले, तेथील पाण्यात आणि धान्यात ते फारसे उरत नाही. मग ही ग्रंथी बिचारी अपुऱ्या मालात काम उरकण्याच्या खटपटीत फुगत जाते. गळ्याशी प्रथम सुपारीएवढी, मग लिंबाएवढी, कधी कधी तर नारळाएवढी गाठ होते. हाच गलगंड. आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याशी आणि युरोपात आल्प्सच्या खोऱ्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून होता. स्वित्झर्लंड म्हटले की आपल्यापुढे बर्फाची शिखरे आणि घड्याळे उभी राहतात. एकोणिसाव्या शतकातील प्रवाशाच्या डोळ्यांपुढे गळ्याशी गाठी बाळगणारी माणसेही उभी राहत.

गाठ वाढून श्वासनलिका दाबू लागली की माणूस गुदमरे. कापून काढावी, तर ती ग्रंथी रक्तवाहिन्यांनी नुसती गच्च भरलेली. चाकू लागला की रक्ताचे पाट वाहायचे. १८६६ साली सॅम्युअल ग्रॉस या नामांकित अमेरिकन शल्यवैद्याने स्पष्ट लिहून ठेवले होते, की शहाण्याने या वाटेला जाऊच नये. त्या वाटेला गेला तो बर्न शहरातला थिओडोर कोखर.

कोखर १८७२ साली तिथल्या विद्यापीठात शल्यशास्त्राचा प्राध्यापक झाला, तेव्हा तो नुकता तिशीत आलेला होता. त्या काळी शल्यवैद्याची कीर्ती त्याच्या वेगावरून ठरे. कोखरला घाई म्हणून माहीत नव्हती. जंतूंचा कटाक्षाने बंदोबस्त करावा, एकेक रक्तवाहिनी आधी चिमट्यात धरावी आणि मगच कापावी, अशी त्याची रीत. त्याच्या नावाचा चिमटा आजही आपल्याकडच्या शस्त्रक्रियागृहांत वापरला जातो. गलगंडाच्या त्याच्या पहिल्या शंभरेक शस्त्रक्रियांत शेकडा तेरा रुग्ण दगावले. कारकिर्दीच्या अखेरीस हा आकडा शेकडा एकाहूनही खाली आला होता. तोवर त्याच्या हातून पाच हजारांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

आता इथपर्यंतची गोष्ट एखाद्या शालेय पुस्तकातील चरित्रासारखी झाली. थोर पुरुष, थोर कार्य, पुढे पारितोषिक. पण कोखरचे खरे थोरपण मला वाटते ते पुढच्याच भागात आहे.

१८७४ च्या जानेवारीत त्याने अकरा वर्षांच्या एका मुलीची सबंध थायरॉइड ग्रंथी काढली. जखम उत्तम भरली, मुलगी घरी गेली. शल्यवैद्याच्या वहीत 'यशस्वी' अशी नोंद झाली. काही महिन्यांनी, ज्या गावच्या डॉक्टरने तिला पाठवले होते त्याच्याकडून निरोप आला, की पोरीचा स्वभाव पार पालटला आहे. हसरी, चपळ होती ती सुस्त आणि चिडखोर झाली आहे, कामाला लावावे तर हलत नाही. निरोप ऐकून झाला. पण आठ वर्षे त्यातून काही निघाले नाही. आपणही असे निरोप ऐकतोच की! वाढत्या वयाची मुलगी आहे, आजारातून उठली आहे, लाडावली असेल, असे म्हणायला काय लागते?

१८८२ च्या सप्टेंबरात जिनिव्हा येथे कोखरची आणि जाक-लुई रेव्हर्दँ नावाच्या तिथल्या शल्यवैद्याची गाठ पडली. रेव्हर्दँने सांगितले, की संपूर्ण ग्रंथी काढलेले आपले काही रुग्ण पुढे विचित्र रीतीने खंगले आहेत. ते ऐकून कोखरला ती मुलगी आठवली. बर्नला परतल्यावर त्याने जुन्या वह्या काढल्या आणि आपल्या रुग्णांना बोलावणी धाडली: पुन्हा एकदा येऊन जा, मला तुम्हांला पाहायचे आहे.

रुग्ण आले. ती मुलगीही आली. तिला एक धाकटी बहीण होती. शस्त्रक्रियेपूर्वी दोघी इतक्या सारख्या दिसत, की लोक एकीला दुसरी समजत. आता धाकटी वाढून टवटवीत तरुणी झाली होती, आणि थोरली? ती बुटकीच राहिली होती, चेहरा सुजलेला, नजर मंद. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी अठरा जणांना कोखरने स्वतः तपासले. त्यांतील सोळा जणांची हीच गत होती: थंडी सोसेना, हातपाय जड, केस विरळ, बोलणे सावकाश, विचार त्याहून सावकाश. उरलेल्या दोघांच्या गळ्यात ग्रंथी थोडी पुन्हा वाढली होती, म्हणून ते तेवढे वाचले होते. म्हणजे ज्यांच्या बाबतीत त्याचा हात सर्वांत सफाईने चालला होता, त्यांचेच सर्वांत जास्त नुकसान झाले होते!

हे घरातल्या घरात मिटवता आले असते. विचारणारे कोण होते? गरीब खेडूत माणसे. प्राध्यापकाने आपला गळा मोकळा केला म्हणून जन्मभर दुवा देणारी. पण १८८३ च्या एप्रिलमध्ये बर्लिनला जर्मन शल्यवैद्यांच्या परिषदेत कोखर उभा राहिला आणि आकड्यांसह सगळे सांगून मोकळा झाला. साध्या गलगंडासाठी आपण यापुढे संपूर्ण ग्रंथी कधीही काढणार नाही, असेही त्याने जाहीर केले. मौज अशी, की या आजाराचे कारण त्याने दिले ते चुकीचे होते. श्वासनलिका अरुंद होऊन प्राणवायू कमी पडत असावा, असा त्याचा तर्क. फेलिक्स सेमन या लंडनच्या डॉक्टरने, ग्रंथी नाहीशी झाली हेच कारण असावे, असे त्याच वर्षी सुचवले तेव्हा त्याचीच थट्टा झाली. १८८८ साली लंडनच्या वैद्यमंडळींच्या समितीने सेमनचे म्हणणे खरे ठरवले. कोखरचा तर्क चुकला तरी त्याची नोंद खरी होती, आणि त्या नोंदीवरच पुढचा इमला उठला. १९०९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. शल्यवैद्याला मिळालेले ते पहिलेच.

ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली ती निवृत्तीनंतर, एका दुपारी, ग्रंथालयात. वाचता वाचता त्या दोन बहिणींपाशी आलो आणि पुस्तक मिटून बसलो. मला १९८१ सालची भाऊबीज आठवली.

अक्काला गलगंड होता. १९७८ च्या उन्हाळ्यात तो इतका वाढला, की रात्री उताणे झोपले की तिचा श्वास कोंडे. एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ग्रंथीचा बहुतेक भाग काढावा लागला. सगळे सुखरूप पार पडले. आठवड्याने घरी सोडताना एक कागद दिला, त्यावर शेवटच्या ओळीत लिहिले होते, की तीन महिन्यांनी दाखवावे. मेहुण्यांनी तो कागद नीट घडी घालून पोथीत ठेवला. तीन महिन्यांनी जखमेचा नुसता धागा उरला होता. आता दाखवायचे काय? साताऱ्याहून रजा काढून, भाडे खर्चून जायचे आणि भरलेली जखम दाखवून यायची? गेलो नाही. रुग्णालयाकडूनही कोणी चौकशी केली नाही. आमच्या आईने सत्यनारायण घातला आणि तो विषय तिथे संपला. व्रण झाकायला मेहुण्यांनी हौसेने ठुशी करून दिली.

दीड-दोन वर्षांत अक्का बदलू लागली. मूळची ती भिंगरी! चार माणसांचा स्वयंपाक आटोपून वर भोंडल्याला अर्धी आळी गोळा करणारी. तिचा आवाज जाडा झाला; गाणे म्हणेनाशी झाली. भर वैशाखात शाल पांघरून बसू लागली. दुपारी आडवी झाली की संध्याकाळी उठवावे लागे. चेहरा भरला, तेव्हा आम्हांला वाटले, प्रकृती सुधारली! आमटीत मीठ दोनदा पडे, नाहीतर पडतच नसे. नरकचतुर्दशीला ती सूर्य वर आला तरी झोपलेली राहिली, तेव्हा तिच्या सासूबाई, म्हणजे माई, सर्वांदेखत म्हणाल्या, "पहाटेचं स्नान चुकलं, आता नरक कोणाला चुकतो?" माई दुष्ट नव्हत्या. घरातल्या कर्त्या सुनेने अंग काढून घेतले, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. शेजारणी म्हणत, सुखावली आहे. मेहुणे काहीच म्हणत नसत, आणि अक्काला तेच जास्त लागे.

आता माझी पाळी. मी तेव्हा पुण्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवीत असे. दरवर्षी फळ्यावर गळ्याची आकृती काढी, फुलपाखरासारखी ग्रंथी रंगीत खडूने रंगवी, आणि तिचा रस कमी पडला तर काय होते, ते पोरांकडून घोकून घेई: सुस्ती, थंडी न सोसणे, चेहऱ्यावर सूज, मंद बुद्धी. त्या वर्षी भाऊबिजेला साताऱ्यास गेलो. अक्काने ओवाळायला घेतले. निरांजन लावले, पण सुपारी विसरली. ती आणायला आत गेली आणि कशासाठी आलो हे विसरून तशीच परत आली. मी मोठ्याने म्हणालो, "अक्का, तू तर कुंभकर्णाची बहीण शोभतेस!" सगळे हसले. अक्काही हसली; पण जरा उशिरा, सगळ्यांचे हसणे संपल्यावर. ते उशिराचे हसू मी आजवर विसरलेलो नाही. शास्त्राच्या मास्तराच्या पुढ्यात त्याचा धडा ताट घेऊन उभा होता, आणि मास्तर कोटी करीत होता.

त्याच डिसेंबरात तिच्या धाकट्याला ताप आला. आळीत नव्याने दवाखाना थाटलेला एक तरुण डॉक्टर घरी आला. मुलाला तपासून झाल्यावर अक्का त्याला पाणी द्यायला आली. त्या दिवशी गळ्यात ठुशी नव्हती. डॉक्टरने व्रण पाहिला, तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "ताई, हे ऑपरेशन कधी झालं? आणि पुढे काय झालं?"

साडेतीन वर्षांत हा प्रश्न तिला कोणीही विचारला नव्हता. अक्का तिथेच रडायला लागली. त्याने तिला खुर्चीवर गुडघे टेकवून उभे केले आणि घोट्यामागच्या शिरेवर हलकेच हातोडी मारली. पाऊल झटकन हलले खरे, पण मागे येताना रेंगाळत रेंगाळत आले. "हे पाहा," तो मेहुण्यांना म्हणाला, "या आळशी नाहीत. यांचे स्नायूसुद्धा सावकाश सैल होतात." रक्त तपासणीसाठी मुंबईला पाठवले. उत्तर आले तेव्हा शंका उरली नाही. थोड्या मात्रेने सुरुवात करून त्याने गोळी वाढवीत नेली.

सहाएक आठवड्यांत शाल घडी होऊन ट्रंकेत गेली. मार्चमध्ये तिचे पत्र आले, चार पाने भरून. त्याआधीच्या दोन वर्षांत तिचे एक कार्डही आले नव्हते. पत्रात एक वाक्य होते: "मला वाटायचं, मीच अशी झाले." त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला अक्का चारला उठली. माई तिच्या आधी उठून बसल्या होत्या. काही न बोलता त्यांनी सुनेच्या पाठीला स्वतःच्या हाताने तेल लावले. त्या घरात क्षमा मागण्याची याहून वेगळी रीत नव्हती.

आता ही गोळी आली कोठून? १८९१ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरी या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोचला. ग्रंथीविना सुकत चाललेली ती बाई उठून हिंडू-फिरू लागली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशे सत्तरहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या! १८९२ साली दुसऱ्या इंग्रज डॉक्टरांनी दाखवले, की टोचायचीही गरज नाही, पोटात घेतले तरी पुरते. त्यांतल्या एकाने तर आठवड्यातून एकदा अर्धी ग्रंथी किंचित तळून मुरंब्याबरोबर द्यावी, अशी पाककृतीच सांगितली. आमच्या अक्काला मी हे वाचून दाखवले तेव्हा तिने कानांवर हात ठेवले. सुदैवाने १९१४ सालच्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी या रसातील मुख्य द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले, तेच थायरॉक्सिन. पुढे हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी १९२७ साली ते प्रयोगशाळेत तयार केले. आजची गोळी कारखान्यात बनते. मेंढ्यांना आता अक्कापासून भय नाही.

गेंड्याचे वचन दिले होते, ते पुरे करतो. थायरॉइडच्या मागे मसुरीच्या दाण्याएवढ्या बहुधा चार ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियम सांभाळणे हे त्यांचे काम. त्या प्रथम कोणाच्या गळ्यात दिसल्या असतील? लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या! रिचर्ड ओवेन यांनी तो चिरून पाहताना एक पिवळसर गोळी टिपून ठेवली. माणसाच्या गळ्यात त्या दाखवल्या स्वीडनमधील इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने, १८८० साली. पण त्या पोराच्या शोधाकडे कोणी लक्ष दिले नाही. त्याच सुमारास व्हिएन्नात बिलरॉट या प्रख्यात शल्यवैद्याच्या गलगंडाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर हातापायांना वांब येत, झटके येत. कोखरच्या रुग्णांना झटके क्वचितच येत, पण ते मंद होत. असे का? दोघांचेही काम पाहिलेल्या विल्यम हॉल्स्टेड या अमेरिकन शल्यवैद्याने पुढे त्याचा उलगडा केला. बिलरॉट झपाट्याने कापी. थायरॉइडचे तुकडे मागे राहत, पण या इवल्या ग्रंथींना धक्का लागे. कोखर निगुतीने थायरॉइड तेवढी सबंध सोडवून घेई. इवल्या ग्रंथी जागच्या जागी राहत. कॅल्शियम दिले की हे झटके थांबतात, हे १९०९ साली प्रयोगाने सिद्ध झाले. आज गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, बोटांना मुंग्या येतात का, असे डॉक्टर वारंवार विचारतात, त्यामागे व्हिएन्नाच्या त्या रुग्णांच्या वेदना आहेत.

आणि सर्वांत मोठा उपाय तर शस्त्रक्रियागृहात सापडलाच नाही. तो स्वयंपाकघरात सापडला. १९२२ साली स्वित्झर्लंडमध्ये मिठात किंचित आयोडीन मिसळून विकण्यास सुरुवात झाली, आणि कोखरच्या देशातून गलगंड हळूहळू मावळला. आपल्याकडे १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग केला. त्या सहकाऱ्यांत देव आणि करमरकर ही आपली ओळखीची आडनावेही आहेत. खोऱ्याचे तीन पट्टे पाडले. दोहोंत आयोडीनचे मीठ दिले, एकात साधे. सहा वर्षांनी मोजणी केली, तर आयोडीनच्या पट्ट्यांत गलगंड निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आलेला, आणि साध्या मिठाच्या पट्ट्यात होता तेवढाच. मग तिसऱ्या पट्ट्यालाही तेच मीठ दिले. १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. परवा चकलीच्या भाजणीत सौ. चमचाभर मीठ टाकीत होती, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते खोरे उभे राहिले. ते मीठ झाकणाच्या बरणीत ठेवावे. दमट हवेत उघडे टाकले तर त्यातले आयोडीन उडून जाते.

कोखर, मरी, कांगड्याचे डॉक्टर, एवढेच काय, साताऱ्याचा तो तरुण, या सर्वांचे काम एका प्रश्नावर उभे आहे: पुढे काय झाले? रुग्णांवरचे संशोधन म्हणजे दुर्बिणी आणि काचेच्या नळ्या, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा ते म्हणजे एक जुनी वही, एक बोलावणे, आणि आलेल्या माणसाकडे पुन्हा एकदा नीट पाहणे, इतकेच असते. रुग्णालयाने ते करावे, हे खरेच. पण बोलावणे आले नाही तर आपण होऊन जायला आपले पाय कोणी बांधले आहेत? घडी घातलेला कागद पोथीत ठेवू नये. कॅलेंडरवर तारीख लिहावी. ही गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यावी. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर दोहोंत चारेक तासांचे अंतर ठेवावे. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने सोडू नये. सुनेला दिवस गेले, तर मात्रेविषयी लगेच डॉक्टरांना विचारावे. बाळ जन्मले की त्याच्या टाचेतील थेंबभर रक्त तपासून घेण्याची सोय पुष्कळ ठिकाणी आहे; ग्रंथीत जन्मतः दोष असेल तर पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू झाल्याने त्या लेकराची बुद्धी वाचते. आणि घरातले कोणी वर्षभरात बदलले, सुस्तावले, उशिरा हसू लागले, तर त्याला नाव ठेवण्याआधी एकदा रक्त तपासून पाहावे.

अक्काची मी कधी उघड क्षमा मागितली नाही. एकदा धीर करून विषय काढला होता. ती म्हणाली, "कुंभकर्णाला बहीण होतीच, शूर्पणखा. तू तेव्हा नाकाचा विचार करायला हवा होतास!" असा हजरजबाब मिळाल्यावर पुढे काय बोलणार? तेव्हापासून आम्ही एक रिवाज पाडला आहे. भाऊबिजेला पाटावर बसण्याआधी मी विचारतो, "अक्का, यंदाची तपासणी?" ती कमरेच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढते. मी चष्मा लावून आकडा वाचतो, मग पाटावर बसतो, आणि मग ती निरांजन लावते.

यंदाचा कागद तिने आल्या आल्याच पिशवीत घालून ठेवला आहे, असे सौ. सांगत होती. सुपारीही त्यातच आहे म्हणे.